‘जर’ आणि ‘तर’ची परीक्षा



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे समितीच्या मंडळींनी सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. मी सूतगिरणीतला कामगार. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात, विहारात आणि अभ्यासवर्गात. पण एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता, म्हणून लिहायला बसलो.

मागच्या वर्षावासात वंदना झाल्यावर दहावी पास झालेला एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘‘काका, आजीनं माझ्यासाठी नवस केला होता आणि मी पास झालो. मग नवसानं पास झालो असं म्हणायचं का?’’ सगळे हसले. आजी तिथेच बसली होती. मी दोन-चार वाक्ये बोललो, पण माझे मलाच समाधान झाले नाही. प्रश्न लहान पोराचा असला तरी अडीच हजार वर्षांचा आहे. माणसाने कोणत्या ‘जर-तर’वर विश्वास ठेवावा आणि कोणत्यावर ठेवू नये, असा तो प्रश्न आहे.

‘जर-तर’ म्हणजे काय

आपण दिवसभर ‘जर-तर’च बोलत असतो. ‘पाऊस पडला तर ओढ्याला पाणी येईल’ हे आटपाडी-जतकडचा माणूस मान्य करतो. पण पाऊस पडणारच, असे तो कधी म्हणत नाही. म्हणजे ‘जर’ खरा आहे असे न मानताही आपण ‘जर-तर’ मान्य करू शकतो. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवावी.

दुसरी गोष्ट अशी, की सगळे ‘जर-तर’ एका जातीचे नसतात. ‘पोरगा पास झाला तर नारळ फोडीन’ हे वचन आहे. ते पाळले किंवा मोडले जाते, खरे-खोटे ठरत नाही. पण ‘नारळ कबूल केला तर पोरगा पास होतो’ हा जगाबद्दलचा दावा आहे, आणि दावा म्हटला की पुरावा मागावा लागतो. नवसाची सगळी गंमत इथे आहे. आपण वचन देतो आणि त्याच्या पोटातून दावा नकळत आत शिरतो.

कऱ्हाडच्या डोंगरातला वारसा

हा विचार परदेशातून आला असे कुणी समजू नये. कऱ्हाडजवळ जखिणवाडीला आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. शिरवळलाही आहेत. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर जे दानलेख सापडले, त्यांत ‘करहकट’ म्हणजे आपल्या कऱ्हाडच्या दात्यांचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या कृष्णाकाठच्या माणसांनी इतक्या लांब दान पाठवले होते. सम्राट अशोकाच्या काळात पाटलिपुत्राला तिसरी धम्मसंगीती झाली आणि त्यानंतर महाधम्मरक्खित थेरांना महारट्ठात पाठवले गेले, असे ‘महावंस’ सांगतो.

त्याच संगीतीशी ‘कथावत्थु’ या ग्रंथाचे नाव जोडलेले आहे. मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी तो सांगितला अशी परंपरा आहे. अभिधम्माच्या सात ग्रंथांपैकी हा एक, आणि त्यात दोनशेहून अधिक वादाचे मुद्दे आहेत. वाद कसा चालतो ते बघा. थेर विचारतात, ही गोष्ट तुम्हाला मान्य आहे का? समोरचा म्हणतो, आहे. मग त्यातून निघणारी दुसरी गोष्ट मान्य आहे का? तो म्हणतो, नाही. तेव्हा थेर त्याला दाखवून देतात, की पहिली मानली तर दुसरी मानावीच लागते, आणि दुसरी सोडायची तर पहिलीही सोडावी लागते. एक धरायची आणि एक टाकायची, हे चालणार नाही. यात शाप नाही, चमत्कार नाही, राजाचा धाक नाही. माणसाला त्याच्याच शब्दांनी बांधायचे. आमच्या युनियनच्या वाटाघाटीत मी हे पुष्कळदा वापरले आहे, पण ते ‘कथावत्थु’त आहे हे मला फार उशिरा कळले.

कालामांना दिलेला धीर

कालाम सुत्त आपल्याला ठाऊक आहे. केसपुत्त गावात एकामागून एक धर्मोपदेशक येत. जो तो आपले खरे आणि दुसऱ्याचे खोटे म्हणे. गोंधळलेल्या कालामांना तथागतांनी सांगितले, की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून मानू नका. आपण भाषणात इथपर्यंत सांगतो आणि थांबतो. पण त्याच यादीत नुसत्या तर्कावरूनही मानू नका, असे आहे. स्वतः पडताळा, सुज्ञ लोक कशाची निंदा करतात ते पाहा, आणि कोणती गोष्ट आचरली तर अहित होते, कोणती आचरली तर हित होते, ते तपासा, असा तो उपदेश आहे. लोभ, द्वेष, मोह वाढले तर काय होते, हे भगवंतांनी कालामांनाच विचारले आणि उत्तरही त्यांच्याच तोंडून काढून घेतले.

शेवटी तर फारच मोठी गोष्ट आहे. ज्याचे मन वैररहित आणि शुद्ध आहे त्याला चार प्रकारचा धीर मिळतो, असे भगवंत म्हणतात. परलोक असला आणि कर्माचे फळ तिथे मिळत असले, तर अशा माणसाचे तिथे चांगलेच होईल. परलोक नसला, तरी तो इथे, याच जन्मात वैर आणि दुःख यांपासून मोकळा राहतो. वाईट करणाऱ्याच्या वाट्याला वाईट येत असेल, तर ज्याच्या मनात कुणाचे वाईट नाही त्याला भिण्याचे कारण नाही. आणि येत नसेल, तर तो दोन्ही बाजूंनी शुद्धच आहे.

आता विचार करा. परलोक आहे की नाही, हे आधी कबूल करा अशी सक्ती भगवंतांनी केली नाही. ‘जर’ दोन्ही बाजूंनी उघडा ठेवला आणि दोन्हीकडून एकच ‘तर’ निघतो हे दाखवले : चांगले वागा. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचे सोंग न करता कसे जगावे, हे सांगणारा असा शास्ता मला तरी दुसरा ठाऊक नाही.

धूर, अग्नी आणि तळे

पुढे पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराला दिङ्नाग नावाचे बौद्ध आचार्य होऊन गेले. ‘प्रमाणसमुच्चय’ हा त्यांचा ग्रंथ. डोंगरावर धूर दिसला, तर तिथे अग्नी आहे असे म्हणायला आधार काय? त्यांनी तीन अटी घातल्या. एक, धूर त्या डोंगरावर खरोखर असला पाहिजे. धुके पाहून धूर म्हणू नये. दोन, जिथे अग्नी आहे हे माहीत आहे अशा ठिकाणी, जसे स्वयंपाकघरात, धूर आढळला पाहिजे. तीन, जिथे अग्नी नाहीच अशा ठिकाणी, जसे तळ्यात, धूर कधीही आढळता कामा नये.

ही तिसरी अट सोन्याची आहे. आपण सगळे दुसऱ्या अटीवर थांबतो. ‘अमक्याने नवस केला, त्याला गुण आला’ हे झाले स्वयंपाकघर. पण तळे कोण बघतो? नवस न करता किती जणांना गुण आला, हे कोणी मोजत नाही.

इंग्लंडात केंब्रिजला फ्रँक रॅम्से नावाचा तरुण तत्त्वज्ञ होता. १९३० च्या जानेवारीत वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो वारला. १९२९ साली त्याने एक साधी रीत लिहून ठेवली, ती आमच्या अभ्यासवर्गात एका प्राध्यापक मित्रांनी समजावून सांगितली. ‘जर’ची गोष्ट घटकाभर आपल्या माहितीत घालून बघायची, आणि मग ‘तर’ची गोष्ट आपल्याला कितपत पटते ते पाहायचे. पटत असेल तर ते ‘जर-तर’ मानावे. मी म्हटले, रीत चांगली आहे, पण आपली मूळची माहितीच चुकीची असेल तर? घरात पिढ्यान् पिढ्या अंधश्रद्धा भरलेली असेल, तर तिच्यात ‘जर’ घातल्यावर ‘तर’ही अंधश्रद्धेचाच निघणार. म्हणून रॅम्सेच्या रीतीला दिङ्नागांची तिसरी अट जोडावी लागते. आधी कोठार साफ पाहिजे, मग त्यात नवे धान्य.

मसूरचे स्टेशन

आता आपल्या मातीतली गोष्ट सांगतो. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्या जुन्या साताऱ्यात बाबासाहेबांचे बालपण गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

पुढच्याच वर्षी, १९०१ साली, रामजीबाबा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला कामावर असताना भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे त्यांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले, तर न्यायला कोणीच आले नव्हते. मुले महाराची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट, बैल मुलांनी हाकायचे आणि गाडीवान गाडीबरोबर पायी चालणार. वाटेत पोरांना प्यायला पाणी मिळाले नाही. हे सगळे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

गाडीवानाचा ‘जर-तर’ काय होता? ‘महाराचा स्पर्श झाला तर विटाळ होतो.’ तर मग तो दुप्पट पैशाने कसा पुसला गेला? गाडी तीच, बैल तेच, मुलेही तीच. आणि बाबासाहेब पुढे सांगतात, की रात्र पडल्यावर वाटेत जेवून आल्यानंतर तोच गाडीवान गाडीत बसून बैल हाकू लागला. अंधारात विटाळ कुठे गेला? गाडीवानाला स्वतःलाच त्या ‘जर-तर’वर खरा विश्वास नव्हता. तो लोकांच्या डोळ्यांना भीत होता. म्हणून मी म्हणतो, अस्पृश्यता हा ज्ञानाचा कपडा घातलेला हुकूम होता. जोतिबांचे मूळ गाव कटगुणही खटाव तालुक्यातलेच. ज्या तालुक्याने सत्यशोधकाचे घराणे दिले, त्याच तालुक्याच्या वाटेवर हे घडावे, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

बाबासाहेब हे कधी विसरले नाहीत. त्यांच्या पश्चात १९५७ साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ इंग्रजीत निघाला. त्यात बुद्धवचन ओळखण्याची त्यांनी दिलेली पहिली कसोटी हीच, की जे बुद्धिसंगत आणि तर्काला धरून आहे ते बुद्धवचन मानता येईल. म्हणजे खुद्द बुद्धाच्या नावावर खपवलेल्या गोष्टीलाही परीक्षा माफ नाही.

कडुनिंबाचा पाला

आता जे लिहायचे आहे ते लिहायला हात जड होतो. १९८३ सालच्या पावसाळ्यात, मी तेरा-चौदा वर्षांचा असताना, वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्या चुलत भावाला उसाच्या बांधावर साप चावला. पोर नऊ वर्षांचे. त्याला देवरुष्याकडे नेले. देवरुष्याने कडुनिंबाचा पाला चघळायला दिला आणि सांगितले, ‘‘पाला कडू लागला तर विष नाही.’’ पोर तोंड वाकडे करून म्हणाले, ‘‘कडू लागतोय.’’ चुलतीने हात जोडले. मीही जोडले. मीच धावत घरी येऊन सांगितले, की काही नाही, विष नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर गेले.

पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी मला समजावले. घोणस, फुरसे यांचे विष रक्तावर काम करते. त्याने जिभेची चव जात नाही. पाला कडू लागणारच. विष असतानाही कडू आणि नसतानाही कडू. तळ्यातही धूर निघत होता, पण दिङ्नागांची तिसरी अट आम्हाला कोणी शिकवली नव्हती.

मग लोक देवरुष्याला का मानतात? कारण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात भरत नाही. अशी माणसे देवरुष्याकडे नेली तरी वाचतात आणि घरी बसवली तरी वाचतात. वाचलेला गावभर सांगत फिरतो. मेलेला सांगायला येत नाही. आणि कोणी जाब विचारलाच, तर उत्तर तयार असते : ‘तुमची श्रद्धा कमी पडली’, नाहीतर ‘वाटेत कोणीतरी शिवलं’. ज्या ‘जर’ची अट पूर्ण झाली की नाही हे निकाल लागल्यावर ठरते, तो ‘जर-तर’ कधीच खोटा पडत नाही. आणि जो कोणत्याही परिस्थितीत खोटा पडत नाही, त्यावर जीव टांगू नये.

साताऱ्याचे डॉक्टर

ज्या माणसाने हे महाराष्ट्राला गावोगाव जाऊन सांगितले, तेही आपल्याच भागातले. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे आणि वैद्यकीय शिक्षण मिरजेचे. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. चमत्काराचा दावा करणाऱ्याला समिती आव्हान देई. त्या आव्हानाचे स्वरूप ‘जर-तर’चेच होते. तपासणीच्या अटी आधी ठरवायच्या, दोघांनी मान्य करायच्या, आणि मग दावा खरा ठरला तर बक्षीस. अट आधी, निकाल नंतर. निकाल पाहून अट बदलायला जागा ठेवायची नाही.

२१ सप्टेंबर १९९५ आठवतो का? त्या दिवशी देशभर गणपती दूध प्यायले. सांगली तर गणपतीचेच गाव. मी तेव्हा पंचविशीतला. रांगेत उभा राहण्याऐवजी आम्ही चार पोरांनी घरातला वरवंटा धुऊन उभा केला आणि चमचा लावला. वरवंटाही दूध प्यायला! चमचा ओठाला टेकला की दूध पृष्ठताणामुळे दगडाला चिकटते आणि पातळ धार होऊन खाली उतरते. पांढऱ्या दगडावर पांढरे दूध दिसत नाही, एवढेच. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून तेच दाखवले. आमचा वरवंटा म्हणजे दिङ्नागांचे तळे होते, हे मला पुढे कळले.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांचा गोळ्या घालून खून झाला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. ज्या कायद्यासाठी डॉक्टर झिजले, तो त्यांच्या मरणानंतर डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचार घेण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. हे कलम वाचले तेव्हा मला पाल्याची कडू चव आठवली.

गिरणीतली वही

हा नुसता पुस्तकी विचार नाही. आमच्या गिरणीत एका उन्हाळ्यात रात्रपाळीला एका कोपऱ्यातल्या रिंग फ्रेमवर धागे सारखे तुटू लागले. सांधून सांधून साईडर रडकुंडीला आले. कोणी म्हणाले, तिथे पूर्वी अपघात झाला होता, जागा मागते आहे. मी वही घातली. रोज रात्री किती धागे तुटले आणि हवेतला ओलावा किती, एवढेच लिहिले. सूत नीट चालायला साधारण ५५ ते ६० टक्के ओलावा लागतो. त्या कोपऱ्यात तो फार खाली गेला होता, कारण वरची खिडकी फुटली होती आणि ओलावा सोडणारे तोंड तुंबले होते. मंगळवारी दोन्ही दुरुस्त केले. नेमका त्याच मंगळवारी मंडळींनी नारळही फोडला!

धागे तुटायचे थांबले. आता श्रेय कोणाचे? मी वाद घातला नाही. पुढे दुसऱ्या टोकाला तोच प्रकार झाला, तेव्हा म्हटले, या वेळी नारळ राहू द्या, नुसते तोंड साफ करू. साफ केले, धागे थांबले. आमचा जॉबर वही चाळून म्हणाला, ‘‘बरं झालं, नारळाचे पैसे वाचले.’’ आज नवीन पोरे धागा तुटला की आधी ओल्या-सुक्या फुग्याचा थर्मामीटर बघतात.

मुलाला उत्तर

त्या मुलाला मी पुढच्या रविवारी बोलावले आणि कागदावर चार घरे आखली. नवस केला आणि पास झाले; नवस केला आणि नापास झाले; नवस नाही आणि पास; नवस नाही आणि नापास. म्हटले, वस्तीतल्या दहावीच्या पोरांना विचार आणि घरे भर. चारही घरे भरल्याशिवाय निकाल देऊ नको. एकच घर भरून जो बोलतो, तो फसतो किंवा फसवतो.

आजी बाजूला बसून ऐकत होती. ती म्हणाली, ‘‘आणि रोज पहाटे चारला उठून ह्याला चहा करून देत होते, ते कुठल्या घरात लिवायचं?’’ मला उत्तर सुचेना. मग म्हटले, ‘‘आजी, ते तर पहिलं कारण. तेच लिहायचं राहिलं होतं.’’ आजी हसली. बंधूंनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची टिंगल करून अंधश्रद्धा जात नाही. नवसाच्या मागे माया असते. त्या मायेचा मान ठेवून दाव्याची परीक्षा घ्यावी, हा मध्यम मार्ग आहे.

एक विनंती करून थांबतो. या वर्षी विहाराच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहू या : साप चावला तर रोग्याला धीर द्या, चावलेला अवयव हलवू नका, जखम कापू नका, घट्ट आवळून बांधू नका, १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखान्यात न्या, सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. हाही एक ‘जर-तर’च आहे, पण चारही घरे भरून तपासलेला आहे. १९८३ साली आमच्या गावात असा फळा नव्हता.

नमो बुद्धाय! जय भीम!